बोटाने दाखव

सिहोऱ्याजवळच्या एका शाळेत मी पीटीचा मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा सामानाच्या खोलीत दोन गोळे, व्हॉलीबॉलची फाटकी जाळी, अर्धी गोणी चुना आणि आयोडेक्सची एक बाटली होती. खेळातल्या दुखापतीबद्दलचं माझं सगळं ज्ञान त्या बाटलीत मावलं असतं. बीपीएडला शरीरशास्त्राचा पेपर होता, हाडांची नावं पाठ केली होती, गुणही बरे पडले होते. पण पंधरा वर्षांची पोर समोर लंगडत आली की तिला काय विचारायचं, हे त्या पेपरात नव्हतं. मी आपला विचारायचो, "खूप दुखते का?" पोरं म्हणायची, "नाही जी सर, जरासंच." आणि मी बाटली उघडायचो.

माझा प्रश्नच चुकत होता, हे कळायला अकरा वर्षं गेली. त्याची किंमत मी मोजली नाही, एका मुलीने मोजली.

आमचा मुलूख धानाचा. तुमसरहून बपेऱ्याकडे जाणारा रस्ता सिहोऱ्यावरून जातो, पुढे नदी ओलांडली की मध्य प्रदेश. पहाटे साडेचारला या रस्त्यावर अंधारात पावलांचा आवाज येतो. दहा-बारा पोट्टे आणि आता चार-पाच मुलीही. हौसेने धावणारे त्यात थोडे. बाकीच्यांच्या डोक्यात भरती असते. पोलीस भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची: मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. शालेय स्पर्धेत वर गेलं तर दहावी-बारावीला वाढीव गुण, आणि त्याही पुढे मजल मारली तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी राखीव 5 टक्के. दोन एकर धानावर चालणाऱ्या घरात याचा अर्थ काय होतो, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. अशा घरातलं पोर पाय दुखतो म्हणून कशाला सांगेल? सांगितलं तर सर बसवतील. बसवलं तर तालुक्याची संधी गेली.

ती मुलगी 800 मीटरची होती. नाव लिहीत नाही, इथे कुणाचंच लिहिणार नाही. अंगाने काटक, धावताना खांदे जराही हलायचे नाहीत. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हाच मी ठरवलं होतं, यंदा ही विभागाला नागपूरला जाणार. वहीत तिचे आठवड्याचे किलोमीटर लिहायचो: 20, मग 26, मग 34. वाढत जाणारा आकडा पाहून मलाच बरं वाटायचं. ऑगस्टच्या सुरुवातीला ती सराव संपल्यावर नडगी चोळताना दिसली. मी विचारलं, ती म्हणाली जरासंच. आयोडेक्स, वरून क्रेप बँडेज. तालुका स्पर्धेत पहिली आली. मग दोन आठवड्यांनी ती धावण्याआधीच लंगडायला लागली, पण चार फेऱ्या झाल्या की लंगडणं जायचं. "पाय गरम झाला की मोकळा होते जी सर." मी मान डोलावली. हे वाक्य आज कुणी उच्चारलं तर मी त्याच क्षणी शिट्टी वाजवून थांबवतो.

जिल्हा स्पर्धेच्या चार दिवस आधी तिची आई शाळेत आली. बाई कधी शाळेत आल्या नव्हत्या. दाराशीच उभं राहून म्हणाल्या, "मास्तर, पोरगी रात्री झोपत नाही. पाय धरून बसते."

रात्री झोपमोड करणारं दुखणं हे नुसतं अंगदुखीचं नसतं, एवढं मलाही समजलं. तुमसरला नेऊन एक्स-रे काढला. एक्स-रे स्वच्छ. मला हायसं वाटलं, तिला तर आनंदच झाला. मी तिला भंडाऱ्याला नेलं आणि धावायला लावलं. साडेपाचशे मीटरपर्यंत ती दुसरी होती. मग थांबली. पडली नाही, थांबली, आणि एका पायावर उभी राहून तिने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून आठवतं. त्यात राग नव्हता, प्रश्न होता, की आता तुम्हाला पटलं का?

नागपूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघायच्या आधी तिला म्हटलं, "कुठे दुखतं ते दाखव. एका बोटाने." तिने नडगीच्या आतल्या बाजूला, मधल्या एक-तृतीयांश भागात, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर बोट ठेवलं. डॉक्टरांनी तिथे अंगठा दाबला आणि ती खुर्चीतून उठलीच. नवा एक्स-रे निघाला, त्यात बारीक रेघ आणि भोवती हाड भरायला लागल्याची पुसट सावली. ताणाने पडलेली चीर. डॉक्टर मला म्हणाले, "पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही चीर एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. बोटाला मात्र दिसते." पोर तळहाताने सगळी नडगी चोळून दाखवत असेल तर बहुधा हाडावरच्या आवरणाची आणि स्नायूंची सूज, ती थोड्या विश्रांतीने आणि भार कमी केल्याने जाते. एकाच बोटाने एकच जागा दाखवत असेल तर थांबवा. तेव्हापासून माझा प्रश्न बदलला. खूप दुखते का, हे मी विचारत नाही. म्हणतो, बोटाने दाखव.

परतीच्या एसटीत मी वही काढून बसलो. 20, 26, 34. आकडे जास्त वाढले होते हे खरं, पण तेवढ्याने हाडाला चीर जावी? शेजारी तिची आई बसली होती. तिला सहज विचारलं, पोरगी घरी काय काम करते? "रोवणीला येते ना माझ्यासंगं. यंदा सात-आठ एकराचा हुंडा घेतला होता आमच्या गटानं."

हुंडा म्हणजे ठेक्याने अंगावर घेतलेलं काम. मी वही मिटली. रोवणी ज्याने केली नाही त्याला ती फोटोत छान दिसते. पहाटे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, खोदायचे, पेंढ्या बांधायच्या, मग नडगीभर चिखलात कमरेत वाकून मागे मागे सरकत लावत जायचं. प्रत्येक पाऊल चिखलातून ओढून काढावं लागतं, टाच सुटताना पोटरी आणि नडगीवरचा स्नायू ताणला जातो, आणि हे दिवसभर. जुलैचा अर्धा महिना ती पहाटे माझ्याकडे सहा किलोमीटर धावायची, सुट्टीच्या दिवशी आणि बुडवलेल्या शाळेच्या दिवशीही बांधीत उभी राहायची. घरून शाळेपर्यंत सायकल वेगळीच. माझ्या वहीत यातलं काहीच नव्हतं. मी मैदानावरची धाव तेवढी मोजत होतो, आणि हाड सगळंच मोजत होतं.

आणखी एक गोष्ट त्या डॉक्टरांनी विचारली होती, ज्याचं उत्तर माझ्याकडे असणं शक्य नव्हतं. पाळी नियमित येते का? नव्हती येत, चार महिने. भरपूर धावायचं आणि पोटात तेवढं जायचं नाही, असं झालं की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडाकडचं काढून घेतं. घरात भात होता, लाखोळीची डाळ होती, भाजी असली तर. अंडं आठवड्यातून एखादं, तेही भावाला. पुरुष मास्तराने पंधरा वर्षांच्या मुलीला हे कसं विचारायचं? मी नाही विचारू शकत, आजही नाही. पण आमच्या मराठीच्या बाईंना विचारता येतं. त्यांच्याकडे एक छोटी डायरी आहे, मुली त्यात फक्त तारीख लिहितात. मी ती डायरी बघत नाही. बाई मला एवढंच सांगतात, अमकीचं धावणं कमी करा. मी का म्हणून विचारत नाही. अंड्यांचं मात्र घरोघरी जाऊन बोललो. एका बापाने तोंडावर सांगितलं, "सर, पोरगी धावते तुमच्या नावासाठी, अंडे तुम्हीच आणा." थोडं लागलं. थोडं खरंही होतं.

त्या मुलीला आठ आठवडे धावणं बंद होतं. पहिले काही दिवस ती मैदानावर यायचीच नाही. मग यायला लागली, नुसती बसायची. मी तिला स्टॉपवॉच दिलं. हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, ते मला सुचलं, आणि आजवर केलेल्या चांगल्या गोष्टींत मी ते वर धरतो. दुखापत झालेलं पोर घरी बसलं की आठ दिवसांत त्याला वाटायला लागतं आपण आता कुणीच नाही. मग ते चोरून धावतं. तिचं धावणं पुन्हा सुरू केलं तेही टप्प्याटप्प्याने: चालताना दुखणं पूर्ण गेल्यावर एक मिनिट धावणं, चार मिनिटं चालणं. मग दोन आणि तीन. एखाद्या दिवशी पुन्हा जागेवर दुखलं की दोन पावलं मागे. हे चिखलाच्या रस्त्यावर नाही, डांबरावर तर नाहीच, नहराच्या पाळीवर. चांदपूरच्या तलावाचं पाणी घेऊन जाणारे नहर आमच्या भागात आहेत, आणि कोरड्या दिवसांत त्यांच्या मातीच्या पाळीसारखी धावायला दुसरी जागा नाही. भरतीची पोरंही मी हळूहळू तिकडे वळवली. डांबर पायाला वाईट हे एक कारण. पहाटेच्या अंधारात मागून येणारे रेतीचे टिप्पर हे दुसरं, आणि खरं सांगायचं तर मोठं.

ती मुलगी विभागाला कधीच गेली नाही. पुढच्या वर्षी जिल्ह्यात तिसरी आली. त्यावर मी कुठलाही मुलामा चढवत नाही.

कबड्डीचं दुखणं वेगळ्या जातीचं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक, आणि त्याच दिवसांत वजनगटाच्या कबड्डीचे सामने. धान कापलेल्या बांधीत माती सारखी करून मैदान आखतात, बांबूवर दिवे टांगतात आणि पोरं रात्री दोन वाजता, थंडीत कुडकुडत बसून राहिल्यावर नाव पुकारलं की सरळ चढाईला जातात. अंग गरम करणं वगैरे कुठलं? माझा एक विद्यार्थी, बारावीतला, असाच चढाईला गेला. बोनस घेऊन वळताना, कुणाचाही हात लागलेला नसताना, गुडघ्यात टक् झालं. त्याने स्वतः ऐकलं, शेजारच्यानेही ऐकलं. दोन तासांत गुडघा नारळासारखा फुगला.

कुणाचा धक्का न लागता गुडघा वळला, आवाज आला आणि दोन-तीन तासांत टम्म सुजला, की आतली तिरपी दोरी, जिला सगळे आता एसीएल म्हणतात, ती तुटल्याचा संशय धरायचा. पण हे मी आज लिहितो आहे. तेव्हा घरच्यांनी त्याला मालिशवाल्याकडे नेलं. मोहाच्या टोरीचं तेल लावून त्याने तीन दिवस गुडघा रगडला. मालिशवाल्याला नावं ठेवायची मला घाई नाही. पाठीच्या चमकेला, आखडलेल्या मानेला त्याच्या हाताने आराम पडलेला मी पाहिला आहे, आणि रात्री अकरा वाजता दार उघडणारा तोच असतो. पण ताज्या, सुजलेल्या सांध्याला रगडणं म्हणजे आतला रक्तस्राव वाढवणं. फसवणूक पुढे होते: तीन आठवड्यांत सूज उतरते, पोर नीट चालतं, सायकल चालवतं, सगळे म्हणतात बरा झाला. सरळ रेषेत चालायला ती दोरी फारशी लागत नाही. वळायला लागते. महिन्याभराने तो दुसऱ्या गावच्या मंडईत उतरला, गुडघा पुन्हा निसटला आणि या खेपेला आतली गादीही फाटली.

शस्त्रक्रिया नागपूरला झाली. त्यानंतरचे नऊ महिने आमच्या वाट्याला आले. फिजिओथेरपीला दर आठवड्याला नागपूरला जायचं म्हणजे त्याच्या बापाची एक दिवसाची मजुरी आणि दोघांचं भाडं. महिन्यातून एकदा जायचं ठरलं. तिथल्या फिजिओबाईंनी कागदावर चित्रं काढून दिली आणि बाकी मैदानावर. घोट्याला बांधायला वजन नव्हतं, तर जुन्या पायजम्याच्या पायात एक किलो धान भरून शिवलं. रबरी पट्टी नव्हती, तर सायकलची ट्यूब कापली. पायऱ्या शाळेच्या. एका पायावर खुर्चीतून उठणं हा त्याचा सगळ्यात नावडता प्रकार. चौथ्या महिन्यात मांडी मोजली, तेव्हा डावी उजवीपेक्षा दोन बोटं बारीक होती. मापाची टेप शिंप्याची. तो म्हणाला, "सर, दुकत तं काहीच नाही, मग खेळू काहून नाही?" दुखत नाही म्हणजे बरं झालं, हे पोरांच्या डोक्यातून काढणं हाडाच्या कामापेक्षा अवघड. नव्याने बसवलेली दोरी रुजायला महिने घेते, आणि घाईने परतलेल्या तरुण खेळाडूंत ती पुन्हा तुटण्याचं प्रमाण फार आहे. त्याला मी दुखण्याचा हिशेब दिलाच नाही. अट घातली: शस्त्रक्रियेच्या पायावर एक लांब उडी, चांगल्या पायावर एक. दोन्हींत एका विटेपेक्षा जास्त फरक नको, आणि नऊ महिने पुरे झाल्याशिवाय उडी मोजायची नाही. तो रोज चोरून मोजायचा. मला माहीत होतं.

जुलै 2025 मध्ये अविनाश साबळे मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या उडीवर पडला आणि त्याच्याही गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. पोरांच्या मोबाईलवर ती बातमी माझ्याआधी पोचली होती. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा, सैन्यातला, स्टीपलचेसमध्ये 8 मिनिटं 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम त्याच्या नावावर. भरतीच्या पोरांचा तो देवच. "सर, त्याले किती महिने लागतीन?" मी म्हटलं, त्याच्याकडे देशातले नावाजलेले सर्जन आणि फिजिओ आहेत, तरी दोरी त्याच्यासाठी लवकर रुजणार नाही. तेवढ्याने चार पोरांनी आपापले घोटे मुकाट्याने दाखवले. माझ्या दहा वर्षांच्या बडबडीने जे झालं नाही ते.

बर्फाचं एक सांगतो. आम्हाला शिकवलं होतं राइस: विश्रांती, बर्फ, दाबपट्टी, पाय उंच. धानाच्या मुलखात राइस म्हटल्यावर वर्ग हसणारच. बर्फ आणायचा कुठून? पानठेल्यावरून, प्लास्टिकच्या पिशवीत, तोवर अर्धा वितळलेला. हा मंत्र 1978 साली ज्यांनी पुस्तकातून दिला त्या डॉ. गेब मर्किन यांनीच 2014 मध्ये लिहिलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून यायला उलट उशीर होऊ शकतो. वाचून मला हसू आलं. किती पोरांना मी पानठेल्यावर पिटाळलं होतं! आता पहिल्या दिवशी वेदना फार असेल तर थोडा वेळ बर्फ, नाहीतर नाही. दाबपट्टी, पाय उशीवर, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सोसेल तेवढी हालचाल. मुरगळलेल्या घोट्यावर हाडाच्या टोकाशी दाबून दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर मात्र एक्स-रेशिवाय चालायचं नाही.

आणि सिकलसेल, रक्तातला आनुवंशिक आजार. पूर्व विदर्भात खेळ शिकवणाऱ्याने हा शब्द टाळून चालत नाही. त्याच्याविरुद्धची देशपातळीवरची मोहीम 1 जुलै 2023 ला शेजारच्या मध्य प्रदेशात, शहडोलला सुरू झाली, पण आमच्या गावांना हा आजार त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. वाहक असलेली पोरं एरवी ठणठणीत असतात, चांगली खेळतात, आणि त्यांना मैदानाबाहेर काढणं हा निव्वळ अन्याय. पण उन्हात, पाणी न पिता, मध्ये न थांबता जीव तोडून धावलं तर त्यांच्यातला एखादा कोसळू शकतो. साधा पेटका आला की पोटरी दगडासारखी घट्ट लागते. वाहक पोराचा पाय गळून जातो, पण हात लावला तर स्नायू मऊच. हा फरक प्रत्येक पीटी मास्तराच्या बोटांना कळायला हवा. सरकारी दवाखान्यात बोटातून थेंबभर रक्त घेऊन प्राथमिक तपासणी होते. मी निकाल वर्गात वाचत नाही. सगळ्यांनाच पाणी, सगळ्यांनाच मध्ये विसावा, म्हणजे कुणाला वेगळं काढायला नको. 2014 च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत 5 किलोमीटर धावताना काही उमेदवारांचे जीव गेले, तेव्हापासून मी उन्हाळ्यात सकाळी सातनंतर कुणाला धावू देत नाही. आमच्याकडचा मे म्हणजे 45 अंश.

अंग गरम करण्याचा प्रकार मी फुटबॉलवाल्यांकडून उचलला. फिफाने 11+ नावाचा वीसेक मिनिटांचा सराव बसवला आहे, त्याला फारसं सामान लागत नाही, आणि ज्या संघांनी तो नेमाने केला त्यांच्यात दुखापती तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने कमी झाल्या. त्यातलं मुख्य काम एकच: उडी मारून खाली येताना गुडघा आत कलू द्यायचा नाही, तो पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे. पहिल्या दिवशी पोट्टे म्हणाले, "हे तं पोरींचं नाच होय सर." मुलींनी ते ऐकलं. आता उड्यांची सुरुवात मुलीच करतात.

आजची वही जुन्या वहीसारखी नाही. किलोमीटरच्या पुढे दोन रकाने आहेत: 'घरचं काम' आणि 'दुखणं', आणि ते मी लिहीत नाही, पोरं लिहितात. जुलैत पहिल्या रकान्यात "रोवणी, सहा तास", "पऱ्हे, सकाळी", "खताच्या दोन गोण्या" असं असतं, आणि त्या दिवशी धाव निम्मी. ऑक्टोबरात कडपा, भारे, चुरणं. दुसरा रकाना मात्र बहुतेकदा कोरा. 'काही नाही' असं लिहिणाऱ्यांवर मी जास्त लक्ष ठेवतो.

परवा सकाळी सराव संपला. नववीतल्या एका पोराने वहीत 'काही नाही' लिहिलं, सही केली आणि दप्तर उचलून निघाला. शाळेला पाच पायऱ्या आहेत. पोरं त्या उतरत नाहीत, उडी मारतात. हा एकेक पायरी उतरला, आणि प्रत्येक पायरीवर तोच डावा पाय आधी.

मी हाक मारली, "अरे, परत वर ये. पुन्हा उतर बरं."

तो वर आला, जागेवरच थांबला, मग हळूच खाली बसून त्याने बूट काढला.